सव्वीस हुतात्म्यांचे शहर : उलटी मोजणी, अकरा वाजून दोन मिनिटांपर्यंत

नागासाकी म्हटले की आपल्याला एकच तारीख आठवते. पण ९ ऑगस्ट १९४५च्या आधी साडेतीन शतके हे शहर वेगळ्याच मृत्यूंसाठी ओळखले जात होते. इथल्या निशिझाका टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती क्रुसावर चढवले गेले, आणि त्यांत एक आपल्या वसईचा होता. त्यांच्या स्मृत्यर्थ शहराच्या दक्षिण भागात ओउराचे चर्च उभे राहिले. याच चर्चमध्ये उत्तरेकडच्या उराकामी खोऱ्यातले लपून राहिलेले ख्रिस्ती पहिल्यांदा उजेडात आले. अमेरिकेचा दुसरा अणुबाँब फुटला तो त्यांच्याच खोऱ्यावर. ओउराचे स्मारक मात्र बचावले. हे कसे घडत गेले, त्याचा हा घटनाक्रम. ९ ऑगस्टच्या सर्व वेळा जपानच्या घड्याळाप्रमाणे आहेत. विमाने जिथून उडाली त्या टिनियन बेटाचे घड्याळ तासभर पुढे होते.

५ फेब्रुवारी १५९७ | उरली ३४८ वर्षे

बंदराकडे तोंड केलेल्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने उभे आहेत. शिक्षा फर्मावली आहे जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा साधे प्रापंचिक ख्रिस्ती. क्योटोत त्यांतल्या बहुतेकांच्या कानाची पाळी कापली, गावोगाव धिंड काढली आणि ऐन हिवाळ्यात महिनाभर चालवत त्यांना इथवर आणले. वाटेत ज्याने त्याने पाहावे आणि धडा घ्यावा, हा हेतू.

ओळीत तीन पोरगेही आहेत. सर्वांत धाकटा लुईस इबाराकी, वय बारा. धर्म सोड, जीव वाचेल, असे अधिकाऱ्याने त्याला सांगून पाहिले. त्याने ऐकले नाही.

त्याच ओळीत गोन्सालो गार्सिया आहे. वसईत पोर्तुगीज बाप आणि इथल्याच मातीतली आई यांच्या पोटी जन्मलेला. जेझुइटांच्या शाळेत शिकला, पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा अस्खलित बोलू लागला. मधली काही वर्षे व्यापार केला, पैसा कमावला. मग मनिलात जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. १५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाउतिस्ता यांना हिदेयोशीकडे दूत म्हणून पाठवले, तेव्हा दुभाषा म्हणून बरोबर होता तो हा वसईकर. ज्याच्या तोंडून हिदेयोशीने परक्यांचे म्हणणे ऐकले, त्यालाच आता त्याच्या हुकमाने भाल्यांनी भोसकले जात आहे.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून गोन्सालोचे नाव घेतले जाते. वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे.

१७ मार्च १८६५ | उरली ८० वर्षे

मधल्या काळात ख्रिस्ती धर्मावर जपानभर बंदी आली. १६१४ पासून धर्मगुरूंना हाकलले, लपलेल्यांना हुडकून मारले. खेड्यापाड्यांत दरसाल लोकांना येशू-मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. जो कचरला तो पकडला गेला. उराकामी खोऱ्यातले शेतकरी प्रतिमेवर पाय ठेवत, घरी येऊन क्षमा मागत आणि पुढच्या पिढीला प्रार्थना तोंडी शिकवत. धर्मगुरू नाही, चर्च नाही, पुस्तक नाही. अशा सात पिढ्या गेल्या.

जपानची दारे परदेशी लोकांना उघडल्यावर फ्रेंच मिशनऱ्यांनी ओउरात लाकडी चर्च बांधले आणि १९ फेब्रुवारी १८६५ रोजी ते सव्वीस हुतात्म्यांना अर्पण केले. त्याचे तोंड निशिझाका टेकडीच्या दिशेला ठेवले. परवानगी होती ती फक्त बंदरावरच्या परदेशी रहिवाशांपुरती.

महिनाही झाला नसेल, तोच उराकामीची दहा-पंधरा माणसे नवी इमारत बघायला आल्यासारखी आत शिरली. फादर बर्नार प्तीजाँ प्रार्थनेला गुडघे टेकून बसले होते. एक बाई त्यांच्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली की आमचे आणि तुमचे मन एकच आहे. मग तिने विचारले, मारियेची मूर्ती कुठे आहे? अडीचशे वर्षे दडवलेली श्रद्धा हुतात्म्यांच्या स्मारकात अशी बोलती झाली.

किंमत लगेच मोजावी लागली. बंदी अजून उठली नव्हती. १८६७ पासून धरपकड झाली. उराकामीच्या सुमारे ३,४०० माणसांना देशभर विखरून हद्दपार केले. त्यांतली सहाशेहून अधिक तिथेच मेली. उरलेली १८७३ मध्ये परतली. पै पै जमवून त्यांनी जागा घेतली ती गावप्रमुखाच्या वाड्याची, जिथे त्यांच्या वाडवडिलांना प्रतिमा तुडवायला लावत असत. तिथे लाल विटांचे भव्य चर्च बांधायला १८९५ मध्ये सुरुवात झाली, १९१४ मध्ये ते वापरात आले आणि १९२५ मध्ये त्याचे जुळे मनोरे पुरे झाले. पूर्व आशियातल्या सर्वांत मोठ्या चर्चमध्ये त्याची गणना होई. १९४५ मध्ये या परगण्यात सुमारे बारा हजार कॅथलिक राहत होते.

जुलै १९४५चा शेवटचा आठवडा | उरले पंधरा दिवस

अणुबाँबसाठी शहरे निवडण्याचे काम वॉशिंग्टनमध्ये चालू आहे. लष्करी अधिकाऱ्यांच्या मूळ यादीत क्योटो वरच्या क्रमांकावर होते. युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी ते ठामपणे वगळायला लावले. जुनी राजधानी, मंदिरांचे शहर, तिचा विध्वंस जपानी कधी विसरणार नाहीत, हे त्यांचे म्हणणे. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी मान्य केले. रिकाम्या जागेवर नाव घातले गेले नागासाकीचे. २५ जुलैच्या हुकमात चार शहरे आहेत: हिरोशिमा, कोकुरा, निगाता, नागासाकी.

हुतात्म्यांची पायपीट क्योटोत सुरू झाली होती आणि नागासाकीत संपली होती. बाँबचा मार्ग कागदावर तसाच सरकला.

८ ऑगस्ट, रात्र | उरले बारा तास

हिरोशिमा उद्ध्वस्त होऊन दोन दिवस झाले. दुसरा हल्ला ११ ऑगस्टला ठरला होता. मध्ये हवामान बिघडण्याचा अंदाज आला म्हणून तो दोन दिवस अलीकडे ओढला गेला. पहिले लक्ष्य कोकुरा, तिथला प्रचंड शस्त्रास्त्र कारखाना. ते जमले नाही तर नागासाकी. बाँब डोळ्यांनी लक्ष्य दिसल्यावरच टाकायचा, रडारच्या भरवशावर नाही, असा स्पष्ट हुकूम.

बाँबला नाव दिले आहे ‘फॅट मॅन’. प्लुटोनियमचा, अंड्याच्या आकाराचा, वजन साडेचार टनांहून जास्त. हिरोशिमाच्या बाँबची शेवटची जुळणी विमान उडाल्यावर केली गेली होती. हा मात्र पूर्ण जुळवलेल्या अवस्थेतच विमानात चढवावा लागणार होता.

९ ऑगस्ट, मध्यरात्रीनंतर | उरले दहा तास

सोव्हिएत रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारले आहे. लाल सेना मांचुरियाची सीमा ओलांडते. रशियाच्या मध्यस्थीने सन्मानाने युद्ध थांबवता येईल, ही टोकियोची शेवटची आशा होती. ती या क्षणी संपली. मुत्सद्दी आणि सेनानी सकाळी एकत्र बसायचे ठरवतात. टिनियनवरची तयारी या बातमीसाठी थांबत नाही.

पहाटे २.४७ | उरले ८ तास १५ मिनिटे

‘बॉकस्कार’ हे बी-२९ विमान टिनियनची धावपट्टी सोडते. सारथ्य मेजर चार्ल्स स्वीनी यांचे, वय पंचवीस. मॅसॅच्युसेट्सच्या आयरिश कॅथलिक घरातला तरुण. बाँबची जबाबदारी नौदलाचे कमांडर फ्रेडरिक अ‍ॅशवर्थ यांच्याकडे. बाँब सोडणारा कॅप्टन केर्मिट बीहन. आज त्याचा सत्ताविसावा वाढदिवस.

निघण्यापूर्वीच एक दोष सापडला आहे. राखीव टाकीतले सुमारे २,४०० लिटर इंधन पंप बिघडल्यामुळे ओढता येत नाही. म्हणजे ते वापरता येणार नाही आणि त्याचे वजन मात्र जपानपर्यंत आणि परत वाहावे लागेल. पंप बदलायला कित्येक तास जातील, बाँब दुसऱ्या विमानात हलवणे धोक्याचे. स्वीनी निघायचे ठरवतात.

पुढचे सगळे या इंधनाच्या हिशेबावर फिरणार आहे.

पहाट ते सकाळ ७ | उरले चार तास

वाटेत वादळी हवा. उड्डाणानंतर लवकरच बाँबवरचे हिरवे प्लग काढून लाल बसवले गेले. आता बाँब जिवंत आहे. सातच्या सुमारास बाँबशी जोडलेल्या नियंत्रणपेटीवरचा दिवा अचानक वेगाने लुकलुकू लागतो. अ‍ॅशवर्थचा सहायक लेफ्टनंट फिलिप बार्न्स झाकण उघडतो, तारा तपासतो. दोन बटणे चुकीच्या स्थितीत आहेत. ती तो फिरवतो. दिवा पूर्ववत होतो. विमानातले लोक श्वास सोडतात.

उराकामीत गुरुवारची सकाळ आहे. सहा दिवसांवर, १५ ऑगस्टला, मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. नागासाकीच्या कॅथलिकांना हा दिवस दुहेरी प्रिय: १५४९ मध्ये याच तारखेला संत फ्रान्सिस झेवियर जपानच्या किनाऱ्यावर उतरले होते. गोव्याहून निघालेले तेच झेवियर, ज्यांचे अवशेष आज जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकात आहेत. सणाआधी पापनिवेदन करून मोकळे व्हायची रीत असल्याने या आठवड्यात चर्चमध्ये वर्दळ आहे.

सकाळी ७.५० | उरले ३ तास १२ मिनिटे

नागासाकीत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो. लोक खोदलेल्या आसऱ्यांत जातात. अशा भोंग्यांची सवय झाली आहे. १ ऑगस्टलाच साध्या बाँबचा हल्ला झाला होता आणि त्यानंतर बरीच मुले खेड्यांकडे पाठवली गेली.

टेहळणीची दोन अमेरिकी विमाने पुढे आलेली आहेत, एक कोकुरावर, एक नागासाकीवर. दोघांचाही निरोप सारखाच: हवा ठीक, लक्ष्य दिसेल.

सकाळी ८.३० | उरले २ तास ३२ मिनिटे

धोका टळल्याचा भोंगा होतो. माणसे आसऱ्यांतून बाहेर पडतात. कामगार मित्सुबिशीच्या कारखान्यांत परततात, त्यांच्याबरोबर सक्तीने कामाला जुंपलेली शाळकरी मुले-मुलीही. उराकामी खोऱ्याच्या उत्तरेला टॉर्पेडोचा कारखाना, दक्षिणेला पोलादाचा. दोहोंच्या मध्ये घरे, शाळा, वैद्यकीय महाविद्यालय, तुरुंग आणि चर्च.

त्याच सुमारास याकुशिमा बेटावर ‘बॉकस्कार’ घिरट्या घालत आहे. मोजमापाची उपकरणे घेतलेले ‘ग्रेट आर्टिस्ट’ वेळेवर आले. छायाचित्रे काढणारे तिसरे विमान दिसत नाही. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचे नाही, असे ठरलेले. स्वीनी पाऊणएक तास थांबतात. तिसरे विमान वेगळ्याच उंचीवर फिरत होते. इंधन जळत राहिले.

सकाळी ९.४५च्या सुमारास | उरला सव्वा तास

कोकुरा. सकाळी स्वच्छ असलेले आकाश आता धुरकट आहे. शेजारच्या याहातावर आदल्या दिवशी मोठा बाँबहल्ला झाला होता. तिथल्या आगींचा धूर वाऱ्याबरोबर इकडे आला आहे. बीहनला नदी दिसते, काही इमारती दिसतात. शस्त्रास्त्र कारखाना दिसत नाही. पहिली फेरी वाया. दुसरी वेगळ्या दिशेने, तीही वाया. खालून विमानविरोधी तोफांचे गोळे जवळ जवळ फुटू लागतात. तिसरी फेरी. तरीही नाही.

पाऊण तास कोकुराच्या डोक्यावर बाँब फिरत होता. खाली माणसे आपापल्या कामात होती. कोकुरावर काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

सकाळी १०.३०च्या सुमारास | उरला अर्धा तास

फ्लाइट इंजिनियर इंधनाचा हिशेब सांगतो. टिनियनला परतणे आता शक्यच नाही. ओकिनावा गाठायचे तरी वाटेत नागासाकीवर एकच फेरी होईल. बाँब समुद्रात टाकायचा, की परत न्यायचा, की नागासाकी? विमान नैर्ऋत्येला वळते. अ‍ॅशवर्थ ठरवतात की लक्ष्य दिसले नाही तर रडारने बाँब टाकायचा. वरून आलेला हुकूम याच्या अगदी उलट आहे.

याच वेळी टोकियोत युद्धमंडळाची बैठक सुरू होते. विषय एकच: शरणागती, आणि कोणत्या अटींवर. मंडळात सहा माणसे आहेत. तिघे एका बाजूला, तिघे दुसऱ्या.

सकाळी १०.५३ | उरली ९ मिनिटे

जपानी टेहळणी करणाऱ्यांना दोन बी-२९ दिसतात. दोनच विमाने म्हणजे पाहणी करायला आलेली असणार, असा समज. नवा भोंगा वाजत नाही.

उराकामीच्या चर्चमध्ये फादर निशिदा आणि फादर तामाया पापनिवेदनासाठी बसले आहेत. भाविक पाळीची वाट पाहत आहेत. सातशे मीटरवर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात क्ष-किरण विभागाचे डॉ. ताकाशी नागाई आपल्या खोलीत आहेत. वर्षानुवर्षे अपुऱ्या संरक्षणात काम केल्याने त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान जूनमध्येच झाले आहे. आपण आधी जाणार, असे त्यांनी पत्नी मिदोरीला सांगून ठेवले आहे. मिदोरी उराकामीच्या लपलेल्या ख्रिस्ती समाजाचे पुढारपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या घराण्यातली. ती घरी आहे.

मित्सुबिशीच्या एका कचेरीत त्सुतोमु यामागुची हा अभियंता अंगाला पट्ट्या बांधून साहेबांपुढे उभा आहे. तो तीन दिवसांपूर्वी कामानिमित्त हिरोशिमात होता. एका बाँबने अख्खे शहर गेले, हे साहेबांना खरे वाटत नाही.

सकाळी ११.०० | उरली २ मिनिटे

शहरावर ढगांची चादर. लक्ष्यबिंदू नाकाशिमा नदीच्या बाजूची दाट मध्यवस्ती. ती दिसत नाही. रडारवर फेरी सुरू झाली आहे. ‘ग्रेट आर्टिस्ट’मधून छत्र्यांना टांगलेली मोजमापाची उपकरणे सुटतात. त्यांना एक निनावी पत्र चिकटवलेले आहे, टोकियो विद्यापीठातल्या प्रा. सागाने यांच्या नावे: हा काय प्रकारचा बाँब आहे हे तुम्हाला कळते, तुमच्या सरकारला सांगा. पत्र लिहिणारे अमेरिकी शास्त्रज्ञ त्यांचे जुने सहकारी होते.

सकाळी ११.०१ | उरली सुमारे पाऊण मिनिट

ढगांत भोक पडते. बीहनला खाली काहीतरी ओळखीचे दिसते. तो ओरडून सांगतो की दिसले, आणि बाँब सोडतो. लक्ष्यबिंदूपासून ही जागा सुमारे तीन किलोमीटर वायव्येला आहे.

बाँब मध्यवस्तीवर नव्हे, उराकामी खोऱ्यावर जात आहे.

सकाळी ११.०२

मात्सुयामा वस्तीतल्या एका टेनिस कोर्टाच्या सुमारे ५०० मीटर वर स्फोट होतो. शक्ती अंदाजे २१ किलोटन टीएनटीइतकी.

शंभर मीटरवरच्या तुरुंगाच्या आवारात एकूण १३४ जण होते. एकही वाचला नाही. पाचशे मीटरवर पश्चिमेला शिरोयामा प्राथमिक शाळा. सुटीमुळे मुले घरी होती, पण घरे तिच्याच आसपास. सुमारे १,४०० विद्यार्थी मेल्याचा अंदाज आहे. पाचशे मीटरवरच ईशान्येला उराकामीचे चर्च. छत कोसळले, भिंती उडाल्या, आत असलेले दोन्ही धर्मगुरू आणि सारे भाविक जागीच गेले. उत्तरेकडच्या मनोऱ्याचा पन्नासेक टनांचा घुमट उडून खालच्या ओढ्यात पडला. तो आजही उतारावर तिथेच आहे. दगडी संतांची तोंडे एका बाजूने काळी पडली, काहींची मुंडकी तुटली.

डॉ. नागाई यांच्या कानशिलाची धमनी काचेने चिरली. तशाच अवस्थेत ते जखमींवर उपचार करत राहिले. यामागुची दुसऱ्यांदा वाचला. पुढे, दोन्ही बाँबहल्ल्यांतून वाचलेला माणूस अशी अधिकृत नोंद त्याच्या नावे झाली. २०१० मध्ये, वयाच्या ९३व्या वर्षी तो वारला.

खोऱ्याच्या पूर्वेला कोंपिरा डोंगर आहे. त्याने स्फोटाचा आणि उष्णतेचा मारा अडवला म्हणून मूळ लक्ष्य असलेली मध्यवस्ती बरीचशी वाचली. सुमारे पाच किलोमीटरवरच्या ओउरा चर्चचे छप्पर मोडले, फ्रान्सहून आणलेल्या रंगीत काचा फुटल्या. इमारत उभी राहिली. १९३३ मध्येच तिला राष्ट्रीय ठेवा ठरवले होते. डागडुजी झाल्यावर १९५३ मध्ये पुन्हा तोच दर्जा मिळाला आणि २०१८ पासून ती लपलेल्या ख्रिस्ती समाजाच्या स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे. म्हणजे स्मारक टिकले. ऐंशी वर्षांपूर्वी ज्यांनी त्या स्मारकात येऊन आपली ओळख सांगितली होती, त्यांची नातवंडे-पतवंडे गेली. उराकामीच्या बारा हजारांपैकी सुमारे साडेआठ हजार.

सकाळी ११.३०च्या सुमारास | अर्धा तास उलटला

टोकियोतल्या बैठकीत नागासाकीची बातमी पोहोचते. मतविभागणी तशीच राहते: तीन विरुद्ध तीन. ज्या बाँबने युद्ध संपवायचे म्हणून एवढी घाई केली, त्याने त्या खोलीतले एकही मत त्या वेळी फिरवले नाही. तिढा सुटला तो रात्री उशिरा, सम्राट हिरोहितो यांनी स्वतः कौल दिल्यावर.

दुपारी १च्या सुमारास | दोन तास उलटले

‘बॉकस्कार’ ओकिनावाच्या योंतान तळावर कसेबसे उतरते. टाक्यांत काही मिनिटांपुरतेच इंधन आहे. उतरतानाच इंजिने बंद पडू लागतात.

दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्टला, ट्रूमन हुकूम काढतात की यापुढे राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय एकही अणुबाँब टाकायचा नाही. नागासाकीसाठी अशी वेगळी परवानगी कोणी मागितली नव्हती. २५ जुलैच्या एका हुकमात दोन्ही बाँब बसले होते. दुसरा कधी टाकायचा हे हवामानाच्या अंदाजाने ठरले.

११ ऑगस्ट | दोन दिवस उलटले

नागाई आपल्या घराच्या जागी पोहोचतात. राखेत, स्वयंपाकघर होते तिथे, मिदोरीची जळलेली हाडे सापडतात. त्यांच्यात वितळलेली जपमाळ. ती हाडे ते बादलीत गोळा करतात. चार दिवसांनी, मारियेच्या सणादिवशीच, जपानचा सम्राट रेडिओवरून शरणागती जाहीर करतो.

२३ नोव्हेंबर आणि २४ डिसेंबर १९४५

चर्चच्या ढिगाऱ्यांत मृतांसाठी मिस्सा होते. नागाई बोलायला उभे राहतात. त्यांचे म्हणणे असे: युद्ध संपावे म्हणून देवाने उराकामीची निवड केली, ही माणसे वेदीवरचे निष्कलंक अर्पण ठरली. घरचे कोणीच न उरलेल्या माणसांना त्या दिवशी या शब्दांनी आधार दिला असेल. पण पुढची कित्येक वर्षे याच शब्दांच्या आड, ही निवड खरोखर कोणी केली, हा प्रश्न झाकला गेला.

महिन्याने, नाताळच्या आदल्या दिवशी, ढिगारा उपसताना दोनपैकी एक घंटा न फुटलेली सापडली. ती टांगून त्याच संध्याकाळी वाजवली. दुसरी फुटली होती. तिच्या जागी अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून दिलेली नवी घंटा ९ ऑगस्ट २०२५ रोजी वाजली.

त्यानंतर

चर्चचे अवशेष जपावेत, हिरोशिमाच्या घुमटासारखे, अशी मागणी होती. १९५८ मध्ये ते पाडले गेले आणि पुढच्या वर्षी त्याच जागी नवे चर्च झाले. एक भिंत तेवढी स्फोटबिंदूच्या बागेत हलवली. त्या मानाने १५९७च्या हुतात्म्यांना शहराने भरभरून दिले. संतपदाच्या शताब्दीला, १९६२ मध्ये, निशिझाका टेकडीवर शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेल्या सव्वीस ब्राँझच्या आकृती भिंतीवर ओळीने उभ्या राहिल्या. त्या ओळीत आपला गोन्सालोही आहे. दोन पोप तिथे येऊन गेले: १९८१ मध्ये दुसरे जॉन पॉल, २०१९ मध्ये फ्रान्सिस. जॉन पॉल यांनी नागासाकीला येण्याआधी हिरोशिमात जे सांगितले ते नागाईंच्या भाषणाला दिलेले उत्तरच मानले जाते: युद्ध हे माणसाचे काम आहे. म्हणजेच देवाच्या योजनेवर त्याची जबाबदारी ढकलता येत नाही.

हा घटनाक्रम वाचला की त्यांचे म्हणणे पटते. टेकडीवरच्या सव्वीस जणांपुढे पर्याय होता. बारा वर्षांच्या लुईसलाही तो दिला गेला आणि त्याने तो नाकारला. म्हणून तो हुतात्मा. खोऱ्यातल्या माणसांना कोणी काही विचारले नाही. त्यांची निवड देवाने केली नाही. ती झाली यादीतल्या फेरबदलाने, हवामानाच्या अंदाजाने, बिघडलेल्या पंपाने, याहाताच्या धुराने आणि ढगांतल्या एका फटीने. यांतल्या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी माणूस निर्णय घेत होता आणि बहुतेकांची नावे, हुद्दे, वेळा नोंदलेल्या आहेत.

नागासाकी शहराच्या हिशेबाने १९४५ अखेरपर्यंत ७३,८८४ माणसे मेली. उराकामीच्या साडेआठ हजारांना हुतात्म्यांच्या पंक्तीत बसवणे सोपे आहे, आणि त्यात मारणाऱ्यांची सोयही आहे. ती करू नये. निशिझाकाच्या सव्वीसांनी मरण पत्करले. उराकामीची माणसे मारली गेली. निशिझाकाच्या स्मारकापुढे आणि उराकामीच्या अवशेषांपुढे उभे राहताना हा फरक लक्षात ठेवावा.